दहा हजार किलोमीटरांची निष्ठा

१४ जुलै २०२४, रविवार

आजपासून अस्मादिक दीडशे अश्वशक्तीचे स्वामी. कालपर्यंत एकशे अठराच होती. मधले बत्तीस अश्व कन्यारत्न गार्गीच्या लॅपटॉपमधून उत्पन्न झाले. इंजिनाला हवा आणि इंधन किती द्यावे हे ठरवणारा कंपनीचा प्रोग्रॅम तिने काढला, स्वतः रचलेला घातला. यास रीमॅप म्हणतात. नंदनवन वस्तीत तिने वर्कशॉप उघडून तीन महिने झाले – एक लिफ्ट, एक फलक, शून्य ग्राहक. सव्वीस वर्षांच्या मुलीच्या हाती आपली गाडी सोपवण्याचे धैर्य नागपूरच्या पुरुषवर्गात अद्याप अंकुरलेले नाही. म्हणून प्रथम आहुती पित्याच्या गाडीची.

"बाबा, कंपनीचं दहा हजार विसरा. हिचं तेल पाच हजारांवर बदलायचं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो आता जास्त दाब देतो, तेल जास्त तापतं, लवकर संपतं त्याच्यातलं सत्त्व."

"म्हणजे यंत्रास अपाय?"

"यंत्राला नाही. तेलाला."

हा भेद मी मान डोलावून स्वीकारला. पटला नाही.

२ ऑगस्ट

कन्हानला, खाणीच्या कार्यालयात, मध्यान्हीच्या डब्यासोबत सहकाऱ्यांकडून माझ्या गाडीचे भवितव्यकथन. "पोरीनं इंजिन छेडलं म्हणते? सहा महिने गा. मग बसते ते." मी डबा बंद केला. प्रशासन अधिकारी पुराव्यावाचून बोलत नसतो.

पुरावा निर्माण करावा लागेल.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रीमॅपनंतरचे पाच हजार किलोमीटर पूर्ण. गार्गीची लिफ्ट आता रिकामी नसते, म्हणून तिनेच सुचवले, "कन्हानला सुशीलकाकांकडून तेल बदलून घ्या, तारीख अन् आकडा मला सांगा. माझ्या नोंदीत पाहिजे." सुशील माझा शाळेतला बाकसोबती, कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर त्याचे गॅरेज. पाना घेऊन तो गाडीखाली शिरण्याच्या बेतात असताना मी त्यास थांबवले.

"काहून गा मार्तंड? पाच हजार झाले ना?"

"निर्मात्याच्या पुस्तिकेत दहा हजार असे स्पष्ट लिहिले आहे."

"पुस्तक साध्या गाडीचं हाय. ही तं भट्टी करून ठेवली तुह्या पोरीनं. तेल मोजायची काडी काढून पाह्य, तेल काळं पडून राहिलं."

भट्टी. हाच तो शब्द. माझा विचार असा – पाच हजारांवर तेल बदलणे म्हणजे कन्येच्या हस्तस्पर्शाने गाडी दुबळी झाली, अशा कागदावर पित्याने स्वाक्षरी करणे. डब्याभोवतीच्या न्यायमंडळास तेवढेच हवे आहे. उलटपक्षी हीच गाडी पुस्तिकेतले दहा हजार निर्वेध चालली, तर गार्गीच्या विद्येस याहून थोर प्रशस्तिपत्र कोणते? यांत्रिक ज्ञान मजपाशी नाही. निष्ठा आहे. ती मी तेल न बदलून व्यक्त करीन.

सुशीलने न वापरलेला पाना उगीचच पुसला. "तुही गाडी, तुहं डोस्कं."

सायंकाळी घरी गार्गीने विचारले, "झालं?"

"झालं."

२६ नोव्हेंबर

एकशब्दी असत्य, सोबत तारीख आणि आकडा. हेतू शुद्ध.

१९ जानेवारी २०२५, रविवार

वर्कशॉपवर जाऊन बसलो. माझी सोडून दहा गाड्या झाल्या तिच्या. अकराव्या गाडीचा मालक चौकशीला आला होता. दहावी गाडी ज्याची, तो विहंग नावाचा तरुण त्याला आणून तिथेच उभा. गार्गी माझ्या गाडीवर हात ठेवून सांगत होती, "ही माझ्या वडिलांची. रोज कन्हान, येऊन जाऊन पन्नास किलोमीटर. हे बघा, पाच हजारांवर तेल बदललेलं. एवढं पाळलं की काही होत नाही."

मोबाइलवर तिने नोंद दाखवली. तारीख माझी, आकडा माझा.



९ मार्च

सकाळी गाडी सुरू केली तो मागून निळसर धूर. वेग वाढवला की टर्बोतून शीळ. आठ हजार सातशे किलोमीटर झाले आहेत. गार्गीने बॉनेट उघडून नुसते ऐकले. गाडी लिफ्टवर घेतली.

११ मार्च

टर्बोचा दांडा खिळखिळा झाला आहे. तेल डांबरासारखे. गार्गी ते बोटांवर घेऊन चोळून पाहत होती.

"तीन हजार सातशे किलोमीटरमध्ये तेलाची ही दशा? म्हणजे माझाच प्रोग्रॅम चुकला. इतकी उष्णता होते अन् मला कळलंच नाही."

अकराही ग्राहकांना तिने फोन केले. गाडी चालवू नका, घेऊन या, मी पहिल्यासारखी करून देते. विहंग म्हणाला म्हणे, "घरचे सांगतच होते मले." हे तिने आम्हाला ताटावर बसून सांगितले. ताट तसेच राहिले.

सुमती आत्ता दारात उभी राहून गेली. "पोरगी दोन दिवसांपासून स्वतःलाच दोष देऊन राहिली. आणि तुम्ही काय लिहून राहिले?"

सौभाग्यवतीस काय सांगू? डब्याभोवतीच्या मंडळींनी मुलीवर नुसता संशय घेतला. तिच्या विद्येविरुद्ध लेखी खोटी साक्ष मी दिली. आणि तिने साक्षीदारावर विश्वास ठेवला.

१२ मार्च

अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर्कशॉपवर गेलो. वाक्ये योजून नेली होती. एकही कामी आले नाही.

"गार्गी, नोव्हेंबरात तेल बदललं नव्हतं. जुलैचंच आहे."

तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "आठ हजार सातशे?"

"हो."

"काहून बाबा?"

"तुझ्या कामानं गाडी कमकुवत झाली, असं कोणी म्हणू नये म्हणून."

ती बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"ते लोक म्हणत होते, बिघडेल. तुम्ही पण तेच धरून चालले. नाहीतर पाच हजारांवर तेल बदलायची तुम्हाला एवढी लाज काहून वाटली असती?"



१३ मार्च

अकरा जणांना पुन्हा फोन. दोष प्रोग्रॅमचा नाही, शिळ्या तेलाचा. विहंगने विचारले, कोणाचा हलगर्जीपणा? "गाडीमालकाचा," ती म्हणाली. मालक शेजारच्या स्टुलावर बसला होता.

चार जणांनी तरीही रीमॅप काढून टाकायला सांगितला.

२३ मार्च, रविवार

नवा टर्बो बसला. धूर नाही, शीळ नाही. चौकापर्यंत चालवून पाहिली – गाडी मंद वाटली. परत आल्यावर विचारले. तिने माझ्या गाडीत कंपनीचा मूळ प्रोग्रॅम पुन्हा घातला आहे.

"आता दहा हजारांवर बदला, बाबा."