वचन म्हटल्याशिवाय ताट नाही

२ नोव्हें., रवि.
चर्चला एकटीच गेले. शेजारची नजमाआपा मास्तरांजवळ बसली. परतले तर दारातच म्हणाली, "सिस्टर, तुमचे मास्तर लय बोलले आज. मले काई समजलं नाही, पण आवाज खणखणीत होता."
बोलणारच. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून माझ्या नवऱ्याला पाणी मागता येत नाही, बायकोचं नाव घेता येत नाही. बायबलची वचनं मात्र अख्खी येतात, अध्यायाच्या आकड्यासकट. मंगरुळात सगळे चमत्कार म्हणतात. मी नर्स होते. आमच्या वॉर्डात एक पेशंट असाच होता, त्याला फक्त शिव्या यायच्या. शिव्यांवरून त्याच्या आत्म्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही.

५ नोव्हें.
चर्चचे पाळक आले. आल्या आल्या मोबाइल काढून मास्तरांसमोर धरला. मास्तर मेंढपाळाचं स्तोत्र म्हणत होते, नजर पंख्याकडे. पाळकांचे डोळे भरले. "सिस्टर, तारणाची खात्री म्हणते ना, ते हेच. शरीर गेलं, वचन नाही गेलं. नाताळच्या उपासनेत मंडळीले दाखवू."
पाळक तसा पोरगाच, मनाचा वाईट नाही. पण बाकं रिकामी पडत चाललीत, त्याला एक नमुना पाहिजे. नमुना माझ्या घरात बसलेला. चहा दिला.

८ नोव्हें.
कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते.
झटका आला त्या दिवशी सकाळी दाढी करत होते. गालाला साबण. आरशात बघतच म्हणाले, "सुशीला, माहं तारण झालं असन का वं?"
देवानं आपल्याला वाचवलंय, या खात्रीचा वर्ग जन्मभर तरुण पोरांना शिकवलेला माणूस! मला वाटलं, परीक्षा घेऊन राहिलेत. असे अचानक प्रश्न टाकून आम्हाला पकडायची खोडच होती. मी म्हटलं, "तुमीच सांगा, मास्तर तुमी हाय." त्यांनी वस्तरा धुतला. दुपारी अंगणात पडले.
परीक्षा नव्हती असं आता वाटतं. खात्री नसतानाच त्यांची वाचा गेली असेल तर? आत एकटे बसून घाबरत असतील आणि तोंड मात्र स्तोत्रं म्हणत असेल, तर? हे कळेपर्यंत मला झोप नाही. आणि कळायला रस्ता नाही. हो-नाहीसुद्धा उलटसुलट होतं त्यांचं. चहा पाहिजे का विचारलं तर नाही म्हणून मान हलवतात आणि चहा पितात.

१० नोव्हें.
घरातला नियम अजून पाळते, त्यांनीच घातलेला. वचन म्हटल्याशिवाय ताट नाही. पाहुणा असो, ताप असो. आमचा डॅनियल लहानपणी भूक लागली की येशू रडल्याचं ते दोन शब्दांचं वचन म्हणून मोकळा व्हायचा. सगळ्या शास्त्रात लहान तेच, संडे स्कूलची सगळी पोरं त्यावर डोळा ठेवून. मास्तरांनी बंद केलं. "पळवाटीचं वचन हाय ते. या घरात चालनार नाही." पोरगं रडत ताटावरून उठलं होतं. त्यानंतर घरात ते कुणी म्हटलं नाही. स्वतः मास्तरांनी तर नाहीच.
आता ताट ठेवलं की ते काहीतरी म्हणतात, मग मी भरवते. हा विश्वास म्हणायचा की ताटाची सवय?

१३ नोव्हें.
काल आमच्याकडे प्रार्थना-मेळावा. लिहायला हसू येतं आणि रागही.
मास्तरांनी मेंढपाळ सुरू केलं. मग वेग वाढला. एक स्तोत्र संपलं की दुसरं, आवाज चढा, डावा हात खुर्चीवर आपटत. पाळक उभे राहिले. "आत्मा उतरून राह्यला! बोला आमेन!" सगळे आमेन. कुणी टाळ्या धरल्या, कुणी गाणं. मी मागे चहा गाळत होते. येऊन बघते तर पायजमा ओला, खुर्चीखाली पाणी. माणूस लघवीसाठी जीव तोडून सांगत होता आणि अख्खी मंडळी त्यावर आमेन म्हणत होती.
आता माझ्या लक्षात आलं. वचन कुठलंही असो, वेग वाढला की भांडं आणायचं. आज सकाळपासून एकदाही चुकलं नाही.
पण मग शब्दांत काय उरलं?

१६ नोव्हें., रवि.
आज मुद्दाम परीक्षा घेतली. त्यांच्या आवडीचं वचन मी सुरू केलं, मध्ये एक शब्द चुकीचा घातला. थांबले. कपाळाला आठी. संडे स्कूलमध्ये पोरगं चुकलं की पडायची तीच. आहे, आत आहे माणूस.
संध्याकाळी पुन्हा तेच केलं. ढिम्म. माशी बघत होते.
सकाळच्या आठीवर विश्वास ठेवू की संध्याकाळच्या माशीवर?

१९ नोव्हें.
नजमाआपाला शेवटी विचारलंच. तिचे अब्बा हाफिज होते, अख्खं कुराण तोंडपाठ. म्हटलं, त्यांना अर्थ कळायचा?
"अरबी कुठं येत होती त्याह्यले? पण एका जागी आले का रडायचे. रोज तिथंच."
"मग काय समजून रडायचे?"
"मी कायले विचारू? बाप होता माहा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तुमी मास्तरले तपासून राह्यल्या का?"
राग आला. ती खरं बोलली म्हणून जास्त आला.

२३ नोव्हें., रवि.
पाळकांना सांगितलं, नाताळला नेणार नाही. मोबाइलमधलंही कुणाला दाखवू नका.
"पण सिस्टर, काहून? किती मोठी साक्ष हाय."
"त्यांना विचारता येईल तेव्हा न्या."
चेहरा पडला त्यांचा. बाहेर कुणाला तरी म्हणाले म्हणे, सिस्टरचाच विश्वास डळमळला. म्हणू देत. खोटं तरी कुठे आहे.

३० नोव्हें., रवि.
चर्चला गेले नाही. वरणभात मऊ कालवला, वर लिंबू. ताट समोर ठेवलं आणि भरवायच्या आधी खुर्ची ओढून समोर बसले. आरसा नको, पंखा नको, माझ्याकडेच बघतील अशी.
म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी दाढी करताना विचारलं होतं तुमी. आता मी विचारते. झालं का तुमचं तारण? हाय का खात्री?"
गप्प. मेंढपाळ नाही, काही नाही. हात खुर्चीवर स्थिर, म्हणजे भांडंही नको होतं. वाटलं, आज वचनाशिवायच भरवावं लागणार.
मग म्हणाले. हळू, सावकाश. ते दोन शब्दांचं. येशू रडल्याचं.
म्हणून थांबले. आकडा नाही सांगितला.
डोळ्यांत पाणी बिलकूल नव्हतं, मी वाकून पाहिलं. भूक लागली म्हणून पळवाट काढली? डॅनियल आठवला? की हेच उत्तर, आणि असेल तर हो की नाही?
भात निवत होता. ते ताटाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. माझी पाळी होती. या घरात नवऱ्यानंतर बायको म्हणते.
मीही तेच म्हटलं. आठी पडली नाही.
मग भरवलं.