चर्चमधला पंखा

प्रिय आई,

मी खुशाल आहे. व्हिएतनामच्या चिखलात पाय थोडे सडलेत, पण मोजे सुकले की बरं वाटतं.

तू विचारलंस, प्रेसिडेंट जॉन्सनना चांगलं म्हणायचं की वाईट. त्यांच्या कायद्यामुळे आपल्या काळ्या लोकांना मत देता आलं, आणि अलाबामात तू पन्नाशीत पहिल्यांदा मत दिलंस, रविवारची टोपी घालून. ते मी विसरणार नाही. पण मला इथे त्यांनीच धाडलं, आणि कशासाठी ते अजून कुणी सांगितलेलं नाही. रेडिओवर त्यांचा आवाज आला की शेजारच्या खाटेवरचा लेमुएल म्हणायचा, "आईला मताचा हक्क दिलास ते बरं केलंस बाबा, पण मला बंदूक कशाला दिलीस?" आम्ही हसायचो. आता त्याची खाट रिकामी आहे.

आपल्या धाकट्या अर्नेस्टीनच्या नव्या शाळेत गोऱ्या मुली तिच्या बाकावर बसतात का?

आणि चर्चमधला तो पुठ्ठ्याचा हातपंखा रागाने फेकू नकोस. पुढच्या बाजूला फोटोत जॉन्सन हसतायत, मागच्या बाजूला पंखे फुकट वाटणाऱ्या शवपेटीवाल्याचं नाव आणि फोन नंबर. त्यांचं इतकं खरं चित्र दुसरीकडे कुठे छापलं नसेल.

तुझ्या प्रार्थनेच्या भरवशावर,
ल्यूशस