रविवारचं सोवळं

४ जानेवारी १९०३, रविवार

जज्जदुरैंचा – जज्जसाहेबांचा – हुकूम घेऊन तंजावूरहून घोड्याच्या जटक्याने तिरुवैयारुला गेलो. फिर्यादीचा निकाल लागेपर्यंत दर रविवारी तीन ते चार, आजोळच्या घरी, बापाने मुलीला भेटावे – इतकाच हुकूम. बायको राजलक्ष्मी दोन वर्षांपूर्वी माझ्या आईशी भांडून, वसूला घेऊन माहेरी आली ती परतलीच नाही. मुलीचा ताबा मागितला तो मी. आज राजलक्ष्मी बाहेर आली नाही. नाही तर नाही.

वसू ओसरीवर, रेशमी परकरात. सात वर्षांची झाली. जवळ जातो तोच सासूबाई म्हणाल्या, "शिवूं नका. पोर मडींत आहे." मडी म्हणजे सोवळं. ठीक. हुकुमात भेटणं आहे, शिवणं नाही. तासभर दोन हातांवरून बोललो. बोललो म्हणजे मीच बोललो.

११ जानेवारी

पुन्हा सोवळ्यात! मान डोलावणारी बाहुली नेली होती. जमिनीवर ठेवली. सासूबाईंनी तिच्यावर पाणी शिंपडलं, मग वसूने घेतली. जेवणं आटोपल्यावर दुपारी तीनला कसलं सोवळं? विचारलं. "आमच्या घरची रीत." बाई कायदा कोळून प्यायलेली दिसते.

१८ जानेवारी

तेच.

२० जानेवारी

बाळकृष्णराव वकिलांकडे गेलो. अर्ज करा म्हटलं. "दुरैंना मडी काय म्हणून सांगूं? न्हायलेल्या मुलीला हात लावूं देत नाहीत ही तक्रार? कोर्टांत अस्के, झाडून सगळे, हसतील." मीही त्यांच्याबरोबर हसलो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी

वसूचा वरचा दात पडला आहे. बोलताना तिथून वारा जातो. आज तिने आपणहून एक वाक्य सांगितलं – बाहुली तिच्या उशाशी झोपते. तिला उचलून घ्यावंसं वाटलं. इतकं वाटेल अशी कल्पना नव्हती.

३० जानेवारी

वडिलांचं श्राद्ध. मी सोवळ्यात, वाढायला थोरली बहीण मंगलाक्का, तीही सोवळ्यात. तूप वाढताना तिचा हात माझ्या हाताला लागला. कोणी काही बोललं नाही. बोलायचं काय? सोवळ्याला सोवळं शिवलं तर विटाळ कसला!

भटजी मंत्र सांगत होते आणि मी भलताच विचार करत होतो. बाबा माफ करोत.

१ फेब्रुवारी, रविवार

कोट, पगडी, जोडे जटकेवाल्यापाशी ठेवले आणि कावेरीत बुडी मारली. ओल्या धोतराने ब्राह्मणांच्या अग्रहारातून निघालो. लोक बाजूला होत होते. जन्मभर सोवळ्याची टर उडवणारा मी, एक कुत्रं शिवू नये म्हणून परक्याच्या ओट्यावर चढलो! पण गड्याने आज गड जिंकायचाच होता.

सासूबाई दारात. "पोर मडींत आहे."

"मीही."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि – खरं लिहायचं तर – हसल्या. वाट दिली.

मी हात पुढे केले. वसू उठली, मागे सरकत भिंतीला टेकली. "आज्जी, अप्पा मडींत आले! आतां मी काय करूं?" आणि आत पळाली. चार वाजेपर्यंत मी ओसरीवर ओलाच बसलो. पढवून ठेवली आहे पोरीला! आता शेंडी तुटो की पारंबी तुटो, ताबा घेईनच.

८ फेब्रुवारी

आज वसू बाहेर आलीच नाही. राजलक्ष्मी दाराआडून बोलली, दोन वर्षांत पहिल्यांदा. "आईला बोल लावूं नका. मडी आईची नव्हे, वसूची. कोर्टाचा शिपाई कागद घेऊन आला तेव्हां शेजारच्या बायका बोलल्या – आतां बाप येईल, पोरीला उचलून नेईल. तेव्हांपासून दर रविवारी स्वतः विहिरीवर जाते, डोक्यावरून पाणी घेते. मडींतल्या माणसाला कोणी उचलत नाही, म्हणते. आम्ही सांगून दमलो."

"मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, बापाला हें कोणत्या तोंडानें सांगायचं?"

जटक्यात तंजावूरपर्यंत जटकेवाला बोलत होता. काय बोलला, आठवत नाही.

९ फेब्रुवारी

बाळकृष्णरावांना सांगितलं, फिर्याद काढून घ्या. ते म्हणाले, "मग हुकूमही संपला. तुमचा रविवार गेला." म्हटलं, जाऊ द्या. विहिरीचं पाणी फार गार आहे.