एवढी एकच फाईल

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते, म्हणजे सगळं सुरळीत आहे. फोनवर बोलले असते, पण आई स्पीकर लावून शेजारी बसते, म्हणून हा कागद.

बाबांच्या आवाजाची हार्ड डिस्क बंद पडली ती पडू दे. ती दुरुस्तीला पाठवायचं खूळ डोक्यातून काढ. छापखान्यातल्या त्यांच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत. परक्यांच्या हातात घरातलं सगळं कशाला द्यायचं? आईला मी समजावते. एवढं माझं ऐक.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझी माया आहेच, तुझीही राहू दे.

तुझी ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. शेवटच्या वर्षात साठ तासांचं रेकॉर्डिंग तूच केलंस, आणि आता तूच म्हणतेस पडू दे? उंटावरून शेळ्या हाकणारा मी, हे मान्य. बाबा आजारी असताना मी नव्हतोच. म्हणून तर मला ते हवं आहे.

आईला सांगून टाकलं आहे. बाबांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐकायचं. पंचवीस तारखेला डिस्क न्यायला माणूस येईल. तोवर तिला स्क्रूड्रायव्हर लावू नकोस. तू उघडलेला मिक्सर अजून कोणाला परत जोडता आलेला नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा


ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आता सांगितल्यावाचून सुटका नाही. त्या डिस्कवर मीही आहे.

बाबांना दिसेनासं झालं तेव्हा मी फोन त्यांच्या उशाशी ठेवून रेकॉर्डिंग चालू करायची. एका दुपारी मी तिसऱ्यांदा चादर बदलली होती, आणि त्यांनी छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांचा खण सांडल्याची गोष्ट पुन्हा काढली. मी ओरडले, मरा एकदाचे, म्हणजे मी तरी सुटेन. दार आपटून स्वयंपाकघरात गेले. फोन चालूच राहिला. पुढे न बघता सगळ्या फाईली डिस्कवर टाकल्या आणि फोन रिकामा केला. एकदा ऐकताना माझाच आवाज आला. घाईने बंद केलं, पुसणं उद्यावर ढकललं, आणि डिस्क बसली.

काल गुपचूप कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. म्हटलं, एवढी एकच फाईल पुसून द्या. तो म्हणाला, डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नाही, पुसणार काय? नकोच असेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडतो, सगळंच जाईल. मी डिस्क उचलून घरी आले. बाबांचा सगळा आवाज कसा घालवू? आणि आईशेजारी बसून ते वाक्य कसं ऐकू? इकडे आड, तिकडे विहीर झालं आहे. आई रोज कपाट उघडून डिस्क जागेवर आहे ना ते बघते. काहीतरी कर रे.

हे वाचूनही जी माया उरेल, ती राहू दे.

ताई


ता. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुरुस्तीनंतर डिस्क आधी माझ्याकडेच मागवली. सगळं निघालं. ती फाईल तुला न विचारता ऐकली, माफ कर. तुझ्या जागी मी आठवडाभरात ओरडलो असतो. मी तर पळूनच गेलो होतो.

दार आपटल्यावर बराच वेळ काही नाही. मग बाबा विचारतात, आहेस ना गं? थांबतात. पुन्हा विचारतात. मग जिथे तुटली होती तिथून गोष्ट पुढे सांगतात, शेवटपर्यंत, रिकाम्या खोलीत. तू आत होतीस, तुला कसं कळणार?

आता ती फाईल तेवढी पुसता येते. तू म्हणशील तसं. आईला काही बोललो नाही.

माझा लोभ होता तेवढाच आहे.

धाकटा


ता. २० एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पुसू नकोस.

मला कसं कळणार, असं तू लिहिलंस. स्वयंपाकघर चार पावलांवर आहे. बाबांनी दोन्ही वेळा विचारलं ते मला ऐकू आलं होतं. मी ओ दिली नाही. गोष्ट संपेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले. ओरडल्याची लाज होतीच, पण मला पुसायचं होतं ते हे.

फाईल पाठव. आईला मीच ऐकवीन. तू तेव्हा कुठे होतीस, असं तिने विचारलं, तर सांगेन.

ताई