केरबाच्या जागी

रविवार, १० नोव्हेंबर

आलो बाबा एकदाचा कोल्हापुरात! शिरोळहून येताना एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत आली, तरी आज माझी कुरकुर नव्हती. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी होती आणि खिशात दिलदारचा पत्ता.

खोली शाहूपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. पाणी सकाळी तासभर, वारा दिवसभर. खोली दिलदारनं शोधली, नोकरीही त्यानंच लावली. राजारामपुरीत संयोगिताताईंचं चष्म्याचं दुकान आहे, तिथं काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. रविवारी सुट्टी, आणि त्या सुट्टीत एका क्लबात वाजवायचा बंदोबस्तही त्यानंच केलाय. त्याचा मेसेज मी जपून ठेवलाय: 'क्लबात जागा रिकामी होतीय. तू ये. पुढचं मी बघतो.'

दिलदार, मी आणि माझी धाकटी बहीण विद्याश्री, तिघंही ईरप्पा मास्तरांच्या बँडमध्ये तयार झालो. दिलदार इकडं आला आणि गेली दोन वर्षं त्यानं माझा फोन उचलला नाही. मी जाम रुसलो होतो. आज स्टँडवर त्यानं मिठी मारली आणि मी सगळं माफ करून टाकलं.

निघताना विद्याश्री म्हणाली, माझ्यासाठीपण बघ की आण्णा. ती मला आण्णाच म्हणते. वाजवते माझ्यापेक्षा चांगली, हे फक्त या वहीत कबूल करतो. बघतो म्हणालो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

क्लबाची एकच संध्याकाळ, म्हणून दुकान सुटल्यावर आणखी कामं शोधत फिरलो. एका हॉटेलवाल्यानं विचारलं, गिटार न्हाय येत व्हय? दुसऱ्याला लॅपटॉपवर गाणी लावणारा हवा होता. तिसरा मोठ्या मनाचा निघाला. म्हणाला, पावणं, जेवण देतो की पोटभर, आनि पैसे कशाला? लग्नाच्या बँडवाल्यांनी नंबर लिहून घेतला आणि माझ्यासमोरच कागदाची पुडी करून तंबाखू बांधली.

दिलदारला सांगितलं तर तो हसलाच नाही. क्लब सोडू नकोस, एवढंच म्हणाला.

रविवार, १७ नोव्हेंबर

ताराबाई पार्कात एका गल्लीच्या टोकाला गुलमोहर क्लब आहे. बैठी इमारत, मागं टेनिसचं कोर्ट, त्यावर गवत. दर रविवारी चार ते सात वादन, समोर चहा-सँडविच खाणारे म्हातारे मेंबर. बँडमास्तर हंबीरराव, सत्तरीचे, मिशी पांढरी आणि पट्टीला पक्के.

आमच्या धंद्यात बदलीची रीत जुनी आहे. एखाद्याला यायला जमलं नाही तर तो आपल्या विश्वासाचा माणूस पाठवतो. तो माणूस त्याच्या खुर्चीवर बसतो, त्याचा कोट घालतो आणि पुकारतानाही नाव मूळ माणसाचंच घेतात. ज्याची जागा त्याचं नाव. इथली क्लॅरिनेटची खुर्ची केरबा नावाच्या कुणाची तरी आहे. इतके दिवस दिलदार त्याची बदली होता, आता मी. दिलदारनं स्वतःच्या हातानं मला कोट घातला, खांदे झटकले आणि मला बसवलं. मग हंबीररावांनी पुकारलं, क्लॅरिनेटवर केरबा! मला हसू आलं.

सातला पाकीट हातात. हंबीररावांनी मायेनं घरची चौकशी केली, घरात आणखी कुणी वाजवतं का विचारलं. मी बहिणीचं तोंडभरून कौतुक केलं. ते म्हणाले, असू दे, असू दे, उपयोगी पडंल.

रविवार, २४ नोव्हेंबर

एका मेंबर बाईंनी चिठ्ठी पाठवली: 'केरबा, नेहमीचं.' मला काय ठाऊक यांचं नेहमीचं? पण क्लॅरिनेट ओठाला लावली आणि बोटं आपोआप चालली. चार मिनिटांचं वादन, एकही सूर हुकला नाही. ही चाल मी आयुष्यात ऐकलेली नाही.

कधीतरी कानावर पडली असेल. ईरप्पा मास्तर म्हणायचेच, कान विसरत नाहीत. दिलदारला विचारावं म्हणून फोन केला. उचलला नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

काचेवरची खूण दिसेना. दोन काचा वाकड्या घासल्या. संयोगिताताईंनी मला खुर्चीत बसवून डोळे तपासले आणि पुन्हा तपासले. सव्वीस वर्षांच्या माणसाला साठीचा नंबर आलाय, म्हणाल्या. जवळचं बघायला चष्मा लागणार, आणि डावा डोळा उजव्याहून बराच अधू.

चष्म्याच्या दुकानात कामाला असल्याचा एवढा तरी फायदा, फ्रेम फुकट मिळाली. घालून लिहितोय. बरं दिसतं.

डावा गुडघाही धरलाय. जिन्याचा परिणाम असेल.

शनिवार, ७ डिसेंबर

आईचा, अव्वाचा फोन आला. मी बोललो तर म्हणाली, कोण बोलतंय? वीरेशला द्या की जरा. मी म्हटलं, अव्वा, मीच. मग म्हणाली, आवाज बसलाय तुझा, काढा घे.

घसा अगदी साफ आहे. रस्त्यात दोघा अनोळखी माणसांनी केरबा म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा मी ओ दिली. ते मला आवडलं नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

आज दिलदारच्या आईचा, सलमाचाचीचा फोन. रडत होती, पण आनंदानं. दिलदार घरी येऊन राहिलाय. गेली दोन वर्षं त्याचं काहीतरी बिनसलं होतं म्हणे. आईला ओळखायचा नाही, परक्यासारखा अहो-जाहो करायचा. पीर झाले, डॉक्टर झाले. नोव्हेंबरात तू कोल्हापूरला गेलास आनि माझं पोरगं मला परत मिळालं बघ, म्हणाली. लई उपकार झाले तुझे.

मी केलं काय, हेच मला कळेना.

बुधवार, ११ डिसेंबर

संयोगिताताईंना माझा नंबर स्वस्थ बसू देईना. असाच नंबर पूर्वी पाहिलाय, म्हणाल्या. दुपारी त्यांनी जुनी कार्डं काढली आणि माझ्या कार्डाशेजारी दोन कार्डं ठेवली. तिन्हींवरचे आकडे एकच. उजवा डोळा तोच, डावा तोच, काच बसवायचा कोनसुद्धा तोच.

एक कार्ड दिलदारचं, दोन वर्षांपूर्वीचं. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय की नोव्हेंबरात तो चष्मा परत घेऊन आला, नंबर शून्य. ताईंना वाटलं होतं मशीन बिघडलं.

दुसरं कार्ड केरबाचं. धंदा: क्लॅरिनेट. हा माणूस वारून आठ वर्षं झाली, ताई म्हणाल्या. बायकोनं चष्मा दान करायला आणून दिला होता.

मी केरबा आजारी आहे असं समजत होतो. दोन वर्षं बदली पाठवणारा तो आजारी माणूस कुठं आहे, हे एकदाही विचारलं नाही. खुळा कुठला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

रजा टाकून शिरोळला गेलो. दिलदार अंगणात उन्हाला बसून वर्तमानपत्र वाचत होता. बिनचष्म्याचा.

ठाऊक होतं का, विचारलं. होतं म्हणाला. मेसेज शुद्धीत लिहिलास? शुद्धीत लिहिला. नजर चुकवली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, आईचं नाव आठवंना झालतं रे. खुर्ची रिकामी सोडता येत न्हाय, पळून बघितलं. बदली द्यावीच लागते, आनि परका मानूस चालत न्हाय. आपल्यावर डोळं झाकून इश्वास ठेवनारा लागतो. त्यानं विश्वासानं यावं आनि आपण त्याला बसवावं.

मग म्हणाला, तसा मला तू एकटाच होतास.

लहानपणी कृष्णेच्या पुरात याच दिलदारनं मला दंडाला धरून नावेत ओढलं होतं. त्याच हातानं त्यानं कोट घातला. मारायला हात उचलला होता मी. सलमाचाची चहा घेऊन आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी चहा प्यायलो आणि निघालो. घरी गेलोच नाही. अव्वानं ओळखलं नाही तर?

रविवार, १५ डिसेंबर

नाहीच गेलो क्लबात. जोतिबाच्या डोंगरावर गेलो. चार वाजता देवळाच्या पायरीवर बसलो होतो, गुलाल अंगावर, हातात खोबरं. क्लॅरिनेट खोलीवर कुलपात.

मग टाळ्या. साडेसहा वाजलेले. मी खुर्चीवर. कोटाच्या बाहीला गुलाल.

हंबीरराव फार मायेनं बोलले. दमलायसा, केरबा. कुनी हाय का तुमचं?

नाही म्हणालो. कुणी नाही. मला कुणीही नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

दिलदारसारखं करणार नाही. इथं लिहून ठेवतो. मी वीरेश. शिरोळचा. आई अव्वा. बहीण विद्याश्री. रोज सकाळी वाचायचं.

विद्याश्रीचा मेसेज: कधी बोलावतोस, आण्णा? उत्तर दिलं नाही.

रविवार, २२ डिसेंबर

अक्षर माझं नाही. वेलांट्या मोठ्या येतायत.

आज वाजवताना समोर एक बाई रडत होत्या. त्यांचं माहेरचं नाव मला ठाऊक आहे. त्यांच्या लग्नात वाजवलंय. मी जन्मलोही नव्हतो —

मंगळवार, २४ डिसेंबर

मी वीरेश. शिरोळचा. आई —

वर लिहिलंय म्हणून कळलं. अव्वा. अव्वा. अव्वा.

बुधवार, २५ डिसेंबर

पाठवला. मीच. शुद्धीत. 'क्लबात जागा रिकामी होतीय. तू ये. पुढचं मी बघतो.' दिलदारचेच शब्द, एकही बदलला नाही. लगेच पुसला, पण तिनं वाचला होता. येते म्हणाली. चार वेळा हसरी तोंडं.

उद्या सांगीन नको येऊ म्हणून.

शनिवार, २८ डिसेंबर

सांगितलं नाही. फोन हातात घेतला — ठेवला. घेतला — ठेवला. दिलदारला शिव्या घालायचं तोंड राहिलं नाही मला.

दारातच सांगीन. परत पाठवीन. शपथ.

रविवार, २९ डिसेंबर

क्लब. वादकांची मागची खोली. चारला पाच कमी —

आली. अबोली साडी, तेल लावलेली वेणी, नवी पेटी. आण्णा म्हणून हाक मारली, तर मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणते म्हणून. मग कळलं. पाया पडली. सांगायचं होतं. ओठ उघडले होते. हंबीररावांनी कोट माझ्या हातात दिला. ती पाठ करून उभी राहिली, हात मागं केले, लहानपणी मी दप्तर अडकवायचो तशी —

मी घातला. खांदे झटकले. बसवलं.

आता पुकारतायत. क्लॅरिनेटवर केरबा. ती हसली असेल. मीपण हसलो होतो. अजून वेळ आहे, उठ विद्या, मी येतो, थांब, मी —

पहिला सूर. केवढा गोड.

गुडघा दुखायचा थांबला. चष्मा टेबलावर आहे, आणि या पानावरचं अक्षर न् अक्षर मला लख्ख दिसतंय. माझं अक्षर. बरं वाटतंय. देवा, मला किती बरं वाटतंय, विद्या, मला —