मी वाचून दाखवलेली चिठ्ठी

केनवड, ता. ४ मार्च १९३६

प्रिय जगू,

मनू पोचली. शिकायले म्हणून मामाघरी आसेगावले धाडलेली माझी पोर तू सहा महिन्यांत गाडीत बसवून परत पाठवली, अन् संगं चिठ्ठी, तिच्या बापाच्या नावानं. मले दोन ओळीही नाहीत! ह्यायले वाचता येत नाही, हे विसरला तू. चिठ्ठी वाचायले माझ्याच हाती आली.

पोरगी एका जागी बसत नाही, पाटी अर्धी टाकून उठते, सांगितलेलं विसरते. खरं आहे, मी कुठं नाही म्हणते? पण अशी ती एकटीच आहे काय रे? आमच्या गल्लीतच तुळसाबाईचा थोरला तसा, सुताराच्या दोन्ही पोरी तशाच. आपले आबा पूजा अर्धी टाकून गोठ्यात जात, अन् घंटी तिथंच विसरून येत. अन् तू? पुस्तक हाती घेऊन मी तुझ्यासंगं विहिरीभोवती फिरत होती. बसवलं की सारं विसरे, चालवलं की एकोणीसचा पाढा घडाघडा म्हणे. त्याच फिरण्यात मी वाचायले शिकली. हे आपल्या रक्तातच आहे, अन् पाच-पाच तास तरटावर मांडी घालून बसवलं की दुप्पट दिसते. मास्तर झाला अन् सारं विसरला?

तेही जाऊ दे. पण पोरीच्या पोटऱ्यांवर बिब्ब्याचे डाग द्या, ठिकाणावर येईल, असं लिहायले तुझा हात कसा धजला? तापल्या बिब्ब्याचं तेल तुले लावलं, तवा तुझे पाय मीच धरले होते. महिनाभर पू वाहे. त्यानं तू शांत झाला काय? नुसता मले भ्यायले लागला. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. तू लिहिलं, म्हणून दोन दिवस घास उतरला नाही. दगा दिला तू मले.

आता काहून लिहून राह्यली ते ऐक. चिठ्ठी मी ह्यायच्यासमोर मोठ्यानं वाचली, पण तुझी नाही, माझ्या मनची. पोर हुशार आहे, डाग देऊ नका, आईले भेटायले धाडली, आठ दिवसांनी आणून सोडा, मी तिले उभ्यानं शिकवीन, असं वाचलं. हे खूश झाले. येत्या शनिवारी मनूले घेऊन स्वतः येऊन राह्यले, तुझे आभार मानतील. तवा नुसतं होय म्हण. तू नाही म्हटलं तर डाग तिले बसतील, अन् मले भाऊ राहणार नाही.

अजून तरी तुझीच,
गोजराअक्का