दोनशे मीटर ईशान्येला

४ फेब्रुवारी

आज आमच्या डोंगरभटक्यांच्या क्लबात नव्या लोकांना जीपीएस शिकवलं. दरवर्षीचाच वर्ग — नकाशावरचे आकडे यंत्रात भरायचे, बाण दाखवेल तिकडे चालायचं. एका बाईंनी आजोबांचा सत्तर सालचा नकाशा आणला होता. त्यावरून क्लबाचे आकडे भरले, तर यंत्र म्हणतं क्लब शेजारच्या तळ्यात आहे! सगळे हसले. मी नेहमीचं सांगितलं, जुन्या नकाशाच्या रेघा वेगळ्या आखलेल्या असतात, यंत्राला तसं आधी सांगावं लागतं, नाहीतर दोनशे मीटरचा फरक पडतो.

बोलता बोलता आठवलं. माझा भाऊ ॲथॉल आमच्या बाबांचा जुना नकाशा वापरायचा.

५ फेब्रुवारी

सात वर्षांपूर्वी, १४ मार्चला, ॲथॉल एकटा पठारावर गेला आणि परतला नाही. वाटेतल्या झोपडीच्या वहीत लिहून गेला होता: आजचा मुक्काम इथे. पुढे सहा आकडे. शोधपथकासाठी ते आकडे यंत्रात मीच भरले. नव्या नकाशाच्या हिशेबाने. जुना-नवा विचारायचं मला सुचलंच नाही. आणि मी म्हणे शिकवणारी!

आज जेवणाच्या टेबलावर दोन्ही नकाशे पसरले. आम्ही मानलेली जागा घळीच्या अलीकडे पडते. खरी पलीकडे, ईशान्येला. आम्ही अलीकडचा काठ आणि खालची दरी पिंजून काढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

९ फेब्रुवारी

डेसला चहाला बोलावून सांगितलं. तेव्हा शोधात तो माझ्याबरोबर होता. आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. बिस्किट चहात बुडवून तसाच बसला, ते तुटून आत पडलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. पण सांगणार आहे."

"नेरिडा, ऐक माझं. तो पहिल्याच रात्री गारठून गेला. डॉक्टरांचाही तेव्हा तोच अंदाज होता. आता हाडं या काठावर आहेत की त्या, काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"चौसष्टची झालीस तू."

"तुझ्या गुडघ्यांपेक्षा तरुण आहे."

हसला. मग रडला. मला त्याचा रागच आला, कारण रडायची पाळी माझी होती.

११ फेब्रुवारी

पोलिसांना फोन केला. नीट ऐकून घेतलं त्यांनी. नवा शोध लगेच निघणार नाही, कागदपत्रं पाहावी लागतील म्हणाले. पाहा. मी थांबणार नाही.

२ मार्च

झोपडीपर्यंत डेस आलाच. "मी इथे रेडिओ घेऊन बसतो. संध्याकाळी पाचला बोलली नाहीस तर अख्खं टास्मानिया गोळा करीन." गुडघे सुजलेत त्याचे. एका शब्दाने कुरकुरला नाही.

३ मार्च

जमलं नाही. घळीच्या तोंडाशी काटेरी झुडपं छातीपर्यंत. दोन तासांत ऐंशी मीटर! हात सोलून निघाले, बुटात जळवा. परत फिरले.

डेस म्हणाला, "झालं समाधान?" नाही झालं.

४ मार्च

पाऊस. झोपडीतच. डेसने तीन डाव पत्ते जिंकले आणि तिन्ही वेळा लबाडी केली.

५ मार्च

आज वरच्या अंगाने, धबधब्याच्या डोक्यावरून घळ ओलांडली. लांबचा फेरा, पण वाट मिळाली. पाण्याचा आवाज एवढा की माझीच शिट्टी मला ऐकू येईना. यंत्रावर अजून एकशे दहा मीटर. उजेड उतरला म्हणून वळले. वळताना स्वतःला शिव्या दिल्या, पण वळले. उद्या.

६ मार्च

सापडला. कड्याखालच्या आडोशाला, कोरड्यात. मांडीचं हाड मोडलेलं. छताच्या थेंबाखाली त्याचा मग ठेवलेला. नकाशाच्या प्लास्टिकच्या पाकिटात एक वही, पेन्सिलीने रोजची एक ओळ. "हेलिकॉप्टर घळीपलीकडेच फिरतंय", असं सलग तीन दिवस.

शेवटची ओळ २६ मार्चची आहे. शोध थांबवायचा का, असं पोलिसांनी मला विचारलं होतं. २२ तारखेला. मी हो म्हटलं.